मराठी संगीताचं कीर्तिदालन: पहिल्या दहा जागा कुणाला?

मध्यलय

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची, म्हणजे तिथल्या संगीताच्या कीर्तिदालनाची यादी दर वर्षी जाहीर झाली की तिकडे भांडणं सुरू होतात. अमका आत कसा, तमका बाहेर कसा. संस्था १९८३ची, पहिली निवड १९८६ची, संग्रहालय उघडलं १९९५ला. इतक्या वर्षांनंतरही लोक तावातावाने भांडतात याचा मला हेवा वाटतो.

आपल्याकडे पुरस्कारांना तोटा नाही. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार १९९२पासून आहे, संगीत नाटक अकादमी आहे, पद्म आहेत. पण पुरस्कार बहुधा हयात माणसाला मिळतो. शाल-श्रीफळ होतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि विषय संपतो. शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडून ‘ही माणसं नसती तर आपलं गाणं असं नसतं’ हे ठामपणे कुणी सांगत नाही.

तर आपण सांगू या. पहिल्या वर्षी जागा दहाच. क्लीव्हलंडलाही पहिल्या खेपेला मुख्य विभागात दहाच नावं होती. निकष एक: हा माणूस वजा केला तर त्याच्यानंतरचं संगीत बदलतं का? लोकप्रियता, पुरस्कार, गाण्यांची संख्या मी धरलेली नाही. जन्मगावही धरलेलं नाही. भीमसेन जोशी गदगकडचे, अल्लादिया खाँ उत्तरेतून आलेले. ज्यांनी इथे राहून इथल्या श्रोत्यांचा कान घडवला ते सगळे आपले.

माझे दहा: अल्लादिया खाँ, भास्करबुवा बखले, बालगंधर्व, अहमदजान तिरकवाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर, यमुनाबाई वाईकर, सुधीर फडके, लता मंगेशकर, भीमसेन जोशी.

तिरकवाँचं नाव विचार करून घातलं आहे. मुरादाबादचा हा तबलानवाज गंधर्व नाटक मंडळीत आला आणि कित्येक वर्षं बालगंधर्वांच्या साथीला बसला. दुसऱ्या बाजूला कादरबक्षांची सारंगी. लोक तिकीट काढून यायचे ते नाट्यपदं ऐकायला, पण त्याच तिकिटात देशातला सर्वोत्तम तबला त्यांच्या कानावर पडायचा. महाराष्ट्रातल्या सामान्य श्रोत्याला ठेका म्हणजे काय, साथ म्हणजे काय हे कळलं त्यात या रात्रींचा वाटा फार मोठा आहे, असं माझं मत आहे. म्हणून साथीदार पहिल्याच यादीत हवा. नंतर कधीतरी ‘साथसंगत विभाग’ काढून त्यात कोंबलेला नको.

भांडा.

ओहायोकर

धागा आवडला. मी क्लीव्हलंडपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर राहतो, त्यामुळे तिकडच्या गोष्टी थोड्या सांगतो. इमारत आय. एम. पेई यांची, ईरी तलावाच्या काठावर, काचेचा मोठा पिरॅमिड. नियम असा की पहिलं रेकॉर्ड निघून २५ वर्षं झाल्याशिवाय नाव विचारात घेत नाहीत. हजारावर जाणकार मतदान करतात.

साथीदारांचं तुमचं म्हणणं तिथे अक्षरशः घडलेलं आहे. स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवणाऱ्यांसाठी वेगळा विभाग सुरू व्हायला २००० साल उजाडलं, म्हणजे पहिल्या निवडीनंतर १४ वर्षं. पुढे २०१०मध्ये त्याचं नाव बदललं. आणि एक गोष्ट मराठी यादी करताना आवर्जून लक्षात ठेवा: १९८६च्या पहिल्या दहांत एकही स्त्री नव्हती. अरीथा फ्रँकलिन १९८७ला आत गेली. सिस्टर रोझेटा थार्प ही गिटार घेऊन गॉस्पेल गाणारी बाई, जिच्याकडून पुढचे कित्येक जण शिकले, ती १९७३ला वारली आणि तिला जागा मिळाली २०१८ला.

क्वीन या बँडबरोबर फ्रेडी मर्क्युरी २००१मध्ये आत गेला. तो पाचगणीच्या शाळेत शिकलेला. त्या दालनात उभं राहून सह्याद्रीची आठवण येते ती त्याच्यामुळे.

काळी_चार

निकषालाच माझा आक्षेप आहे. भास्करबुवांचं गाणं आज कुणी ऐकलेलं नाही, कारण ध्वनिमुद्रणच नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी तर ध्वनिमुद्रण होऊच दिलं नाही. मग आपण कशाच्या जोरावर त्यांना पहिल्या दोन खुर्च्या देतो? आठवणी आणि दंतकथांच्या? अब्दुल करीम खाँच्या तबकड्या आहेत. आजही लावा आणि ऐका, सुराला हात लावल्यासारखं वाटतं. मिरजेला राहिले, पुण्यात विद्यालय काढलं, किराणा घराण्याचं गाणं या मातीत रुजवलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन त्या शिष्याचे शिष्य. त्यांना वगळून भीमसेनांना घेणं मला पटत नाही.

मध्यलय

काळी_चार, प्रश्न रास्त आहे. उत्तर शिष्यांत आहे. अल्लादिया खाँचं गाणं केसरबाईंच्या गळ्यातून ऐका, मग मोगूबाई कुर्डीकरांच्या, मग मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकरांच्या. तिघींचा स्वभाव वेगळा, पण दाणेदार तान, श्वासाचा पल्ला, समेवर येण्याची ती तिरकी वाट, हे सगळं एकाच घरातून निघालेलं आहे. मूळ आवाज नसूनही मूळ माणूस दिसतो.

भास्करबुवांचं तर त्याहून विलक्षण. ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशी तीन घराण्यांची तालीम एका माणसाने घेतली. आणि दिली कुणाला? बालगंधर्वांना, मास्तर कृष्णरावांना, दिलीपचंद्र वेदींना. या तिघांचं गाणं एकमेकांसारखं अजिबात नाही. १९११ला पुण्यात भारत गायन समाज काढला, १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदांना चाली दिल्या. रागदारी घरातल्या आजीच्या ओठांवर आली ती या चालींमुळे. एक तबकडी नसलेला माणूस इतकं ठेवून जातो याचा आपण अभिमान बाळगायला हवा.

अब्दुल करीम खाँबद्दल तुमचं बरोबर आहे. मी त्यांना अकरावे धरत होतो. कुणाला काढायचं ते सांगा.

गोंयकार

केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. कुर्डी साळावलीच्या धरणाखाली गेली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाच्या खुणा वर येतात आणि गावची माणसं तिथे जमतात. या दोघींना तुम्ही आपल्या म्हणता याचा आनंद आहे. केसरबाईंवर वाद नसावा. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत भारतातून एकच गायन गेलं, ते त्यांच्या भैरवीचं. रेडिओपासून लांब राहिलेल्या आणि आपली बैठक स्वतःच्या अटींवर करणाऱ्या बाईंचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला.

पण गोव्याची दुसरी बाजू यादीत कुठेच नाही. आमच्या चर्चच्या शाळांत मुलं व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकायची. तीच मुलं मुंबईच्या स्टुडिओंत गेली. संगीतकार हार्मोनियमवर चाल गुणगुणायचा. पन्नास वादकांनी त्या चालीत काय, कधी, किती वाजवायचं ते कागदावर उतरवणारे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात नायकाला त्यांचं नाव मिळालं. देशभर लोकांनी ते नाव हसत हसत म्हटलं. ते एका खऱ्या, थोर वादकाचं नाव आहे हे किती जणांना माहीत होतं?

आणि खाप्रूमामा पर्वतकर. लयभास्कर. दोन हातांनी आणि दोन पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरणारा माणूस. लयीच्या विद्येत त्यांच्या तोडीचं नाव मला सुचत नाही.

निषाद

गोंयकार, गोन्साल्विस यांच्याबद्दल आदर आहे, पण ते हिंदी चित्रपट संगीत. मराठी दालनात कसं बसवणार?

गोंयकार

लताबाईंना बसवलंत ना? त्यांच्या नावाला हिंदी गाण्यांचा काटा लावलात का? मुंबईचे स्टुडिओ, मुंबईचे वादक, सकाळी हिंदी गाणं तर दुपारी मराठी. गाणाऱ्याला एक माप आणि वाजवणाऱ्याला दुसरं हे चालणार नाही.

मध्यलय

गोंयकारांना अनुमोदन. हा दुजाभाव मोडावा म्हणूनच धागा काढला.

सांगलीकर

मी मिरजेजवळचा. सगळे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांबद्दल बोलताहेत, म्हणून वाद्यांबद्दल लिहितो.

मिरजेच्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानाच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि पिढ्यान् पिढ्या ते काम चाललं. भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आज देशातल्या कुठल्याही मोठ्या गवयाच्या मागे लागलेला तंबोरा पाहा, मिरजेचा असण्याची शक्यता मोठी. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

जवारी लावताना, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेचा नाद जुळवताना, कारागिराला एकदा जवळून बघा. तार घोडीवर टेकते तो पृष्ठभाग दिसायला सपाट, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. कारागीर तार ढिली करून बाजूला घेतो, घोडीवर कानस दोन-तीनदा हलकी फिरवतो, भुगा फुंकतो, तार परत चढवतो, छेडतो. आवाज मिटलेला वाटला की पुन्हा तार बाजूला, पुन्हा कानस. मग तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवत राहतो. एका जागी तंबोरा अचानक बोलायला लागतो. षड्जातून गंधार ऐकू येतो. त्या जागी दोरा सोडून देतो. मापाची पट्टी नाही, यंत्र नाही, सगळा हिशेब कानात.

हा कान नसता तर किराण्याचं, जयपूरचं, ग्वाल्हेरचं कुठलंच गाणं उभं राहिलं नसतं. मध्यलय, तुमचाच निकष लावतो: वजा करून बघा. फरीदसाहेबांना जागा द्या.

टिपेचा_सा

सांगलीकर, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. पूर्ण पाठिंबा.

पेटीचंही कुणी बोलावं. आकाशवाणीने १९४०मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत. तीस वर्षं सरकारी माध्यमात ज्या वाद्याला दार बंद होतं, ते वाद्य महाराष्ट्राने टिकवलं आणि वाढवलं. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर. पटवर्धनांची पेटी ऐकताना नाट्यपदातले शब्दसुद्धा ऐकू येतात. गाणारा श्वास कुठे घेणार, हरकत कुठे घेणार, हे गाणाऱ्याच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचं. कुमार गंधर्व काय, वसंतराव देशपांडे काय, दोघांची गायकी दोन टोकांची, आणि दोघांना हा एकच माणूस पुरून उरला. माझं मत गोविंदराव पटवर्धनांना.

घुंगरू

यमुनाबाईंचं नाव पहिल्या दहांत पाहून बरं वाटलं. लावणी म्हटली की लोकांना फक्त फडावरचा ठेका आठवतो. यमुनाबाईंची बैठकीची लावणी बसून. शृंगाराची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी वेगळी बाई समोर उभी राहते: रुसलेली, वाट बघणारी, टोमणा मारणारी. हात आणि डोळे एवढ्यावर सगळं. १९१५चा जन्म, कोल्हाटी समाजातला. पद्मश्री मिळाली २०१२ला, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

ओहायोकरांनी रोझेटा थार्पचं सांगितलं ते वाचून मला विठाबाई नारायणगावकर आठवल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी शेवटचा काळ हलाखीत गेला. त्यांच्या नावाचा शासनाचा पुरस्कार त्यांच्या मागे निघाला. आज सभागृहात तिकीट काढून लावणी बघायला जाणाऱ्यांनी ही नावं पाठ करायला हवीत.

निळी_पहाट

सगळे प्रतिसाद वाचले. शास्त्रीय, नाट्य, चित्रपट, लावणी, गोवा, मिरज. एक अख्खा महाराष्ट्र अजून आलेला नाही.

वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख मोठेपणी झाली आणि त्यानंतर हजारो गाणी लिहिली, गावोगाव जाऊन गायली. बाबासाहेबांचा विचार ज्यांच्या हातात पुस्तक नव्हतं त्यांच्यापर्यंत गाण्यातून गेला. विठ्ठल उमप २०१०मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच गेले. आणि प्रल्हाद शिंदे. आषाढीला त्यांचा आवाज, १४ एप्रिलला त्यांचा आवाज, जत्रेत त्यांचा आवाज, दर्ग्याच्या उरुसात कव्वाली लागली तर तीही त्यांची. विठ्ठल, भीमराव आणि पीर या तिन्ही ठिकाणी ज्याचं गाणं तितक्याच विश्वासाने वाजतं असा दुसरा मराठी गायक मला दाखवा.

हे गाणं वस्तीतल्या कर्ण्यांवर आणि कॅसेटवर जगलं. मैफलीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी ते ऐकलं नाही, म्हणून पुस्तकांत आलं नाही. दालनाच्या पहिल्या यादीतही नसेल, तर ते दालन कुणाचं हे आम्हाला कळेल.

काळी_चार

निळी_पहाट, या गायकांचं मोठेपण मी नाकारत नाही. पण भीमसेनांचा दरबारी राग आणि प्रल्हाद शिंदे यांचं गाणं एका तराजूत कसं घालायचं? साधना वेगळी, श्रोता वेगळा, हेतू वेगळा. स्वतंत्र दालनं करावीत. शास्त्रीयचं एक, लोकसंगीताचं एक, चित्रपटाचं एक. त्यात दोघांचाही मान राहतो.

निळी_पहाट

वेगळ्या पंगतीत मान राहतो हे आम्हाला सांगू नका. ते आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकलं आहे.

मध्यलय

काळी_चार, मी इथे निळी_पहाट यांच्या बाजूने आहे आणि कारण संगीतातलंच देतो. भीमसेनांनी ‘संतवाणी’ गायली तेव्हा काय केलं? वारकऱ्यांचा अभंग उचलला आणि तो ठेक्यासकट, टाळासकट मंचावर आणला. माउली टाकळकरांचा टाळ आठवा. तो टाळ रागदारीच्या शेजारी बरोबरीने वाजतो, कुठेही पडतं घेत नाही. आमच्या सर्वांत मोठ्या गवयाने स्वतः भिंत पाडली आहे. ती दालनात पुन्हा आपण का बांधायची?

पंचविशीतला

अजय-अतुल यांचं नाव कुणीच कसं घेत नाही? ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार, ‘सैराट’साठी अमेरिकेत सिम्फनी ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रण. माझ्या वयाच्या मुलांना संबळ आणि हलगी ऐकायला कुणी लावलं असेल तर त्यांनी.

मध्यलय

नाव योग्य आहे आणि शेवटच्या वाक्यातलं कारणही पक्कं आहे. पण त्यांचं काम जोरात चालू आहे, थोडं थांबू या. क्लीव्हलंडचा २५ वर्षांचा नियम मला याचसाठी आवडतो. काळाची चाळणी लागल्यावर जे उरतं ते बघायचं.

शाहिरीप्रेमी

अमर शेख आणि शाहीर साबळे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा डफ आणि पहाडी आवाज मैदानंच्या मैदानं हलवायचा. साबळ्यांनी गायलेलं, श्रीनिवास खळ्यांनी चाल दिलेलं महाराष्ट्रगीत २०२३मध्ये राज्यगीत झालं. एक जागा शाहिरीला हवीच.

मध्यलय

नावं तीस-पस्तीसच्या वर गेली. जागा दहाच ठेवणार, कारण जागा वाढवल्या की कुणालाच कुणाला नाही म्हणावं लागत नाही.

आता माझे दहा असे. अल्लादिया खाँ, भास्करबुवा, अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, तिरकवाँ, केसरबाई, यमुनाबाई, लता मंगेशकर, प्रल्हाद शिंदे आणि मिरजेचे फरीदसाहेब. भीमसेन दुसऱ्या वर्षीच्या यादीत पहिले. ते नाव कुणी विसरणार नाही, त्यामुळे एक वर्ष थांबल्याने त्यांचं काही कमी होत नाही. हिराबाई, सुधीर फडके, अँथनी गोन्साल्विस, गोविंदराव पटवर्धन, अमर शेख, वामनदादा हेही त्याच यादीत.

फरीदसाहेबांवर बराच विचार केला. त्यांच्या नावावर एकही राग, एकही गाणं नाही. पण सांगलीकरांनी म्हटल्याप्रमाणे वजा करून पाहिलं आणि वरच्या यादीतल्या निम्म्या लोकांच्या मागचा तंबोरा बंद झाला.

निषाद

हिराबाईंना मागे ठेवलंत हे चूक आहे. चांगल्या घरातली बाई चारचौघांत गात नाही असं मानणाऱ्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि त्यानंतर मुली गाणं शिकायला घराबाहेर पडल्या. वजाबाकीच लावायची तर ही वजाबाकी सगळ्यांत मोठी. तिरकवाँ पुढच्या वर्षी आले तर चालेल.

टिपेचा_सा

तिरकवाँना हात लावू नका. साथीदार पहिल्याच यादीत हवा हे धाग्याचं पहिलं वाक्य समजून मी इथवर आलो. लताबाईंना थांबवा. त्यांना दालनाची गरज नाही, दालनाला त्यांची आहे.

पुणेरी_जोड

आणि सुधीर फडके? १ एप्रिल १९५५पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण आलं. ५६ गाणी, दर आठवड्याला नवी चाल, नवा राग, आणि ऐकायला लोक रेडिओला हार घालून बसायचे. मराठी सुगम संगीत म्हणून आज आपण जे ओळखतो त्याचा शब्दोच्चार, त्याची लय, त्याचा संयम बाबूजींनी ठरवला. त्यांच्याशिवाय पहिली यादी निघत असेल तर माझा विरोध नोंदवून घ्या.